पाच तारे, दोन एसयूव्ही आणि समृद्धी

व्होल्वो एक्ससी ९० घ्यायची की ऑडी क्यू ७? ब्रोशर बाजूला ठेवली आणि ठाणे ते छत्रपती संभाजीनगर असा एक वीकएण्ड काढला. जाताना एक गाडी, येताना दुसरी.

लॉन्ग ड्राइव्ह म्हटलं की मुंबई-ठाण्याच्या माणसाची गाडी आपोआप लोणावळ्याकडे वळते. चिक्की, भजी, ट्रॅफिक जॅम आणि परत. पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि वीकएण्डचा नकाशाच बदलला. भिवंडीजवळच्या आमणेपासून थेट नागपूरपर्यंत सलग ७०१ किलोमीटर. ना सिग्नल, ना चौक, ना आडवी येणारी टू-व्हीलर. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात ‘कुठे चाललायस?’ असं विचारलं, तर आता ‘वेरूळ’ असंही उत्तर मिळतं.

रस्ता भन्नाट आहे, वादच नाही. पण सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी देणारा रस्ता एक प्रश्नही विचारतो. या वेगात आपण बसलोय ती गाडी वेळ आल्यावर आपल्याला सांभाळेल का?

आमच्या घरात हा प्रश्न गेलं वर्षभर गाजतोय. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ठाण्यात राहतो. वहिनीचं माहेर संभाजीनगरचं. तिचे वडील आजारी असतात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी सगळं कुटुंब तिकडे जातं. दादा, वहिनी, माझी आत्या आणि चार वर्षांची चिमुरडी. जायचं-यायचं मिळून साडेपाचशेच्या वर किलोमीटर, त्यातले बरेचसे रात्रीचे. दादाने मोठी गाडी घ्यायची ठरवली ती सोसायटीत भाव मारायला नाही. ‘मला फक्त सगळ्यांत सेफ गाडी हवी’ एवढंच त्याचं म्हणणं. बजेट सेकंडहॅण्डचं. यादी छाटत छाटत दोन नावांवर आली. ऑफिसमधल्या मित्राकडे एक्ससी ९०, वहिनीच्या भावाकडे क्यू ७. मग काय, डिसेंबरातल्या एका शनिवारी निघालोच.

कागदावर कोण पुढे?

निघण्याआधी थोडा होमवर्क. या दोन्ही गाड्यांच्या सध्याच्या पिढीची परीक्षा युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने एकाच वर्षी, २०१५ मध्ये घेतली. निकाल? दोघींना पाचपैकी पाच तारे. पण मार्कशीट उघडली की फरक दिसतो. मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणात व्होल्वोला ९७ टक्के, ऑडीला ९४. लहान मुलांच्या बाबतीत दोघी जवळजवळ बरोबरीत. खरी दरी आहे ती ‘सेफ्टी असिस्ट’मध्ये. व्होल्वो १०० टक्के, ऑडी ७६.

सेफ्टी असिस्ट म्हणजे अपघात होऊच नये म्हणून गाडीत बसवलेली अक्कल. आपोआप लागणारा ब्रेक, लेन सोडल्यावर सावध करणं, वेगाची आठवण, पट्टा न लावल्यावर वाजणारी पीप-पीप. बाकीचे गुण हे मुख्यतः धडक झाल्यावर आतला माणूस किती वाचतो याचे. म्हणजे धडक झालीच, तर दोघींत उन्नीस-बीसचा फरक. धडक टाळण्यात मात्र व्होल्वो बरीच पुढे.

व्होल्वोच्या बाजूने इतिहासही बोलतो. आज प्रत्येक गाडीत असतो तो तीन टोकांचा सीटबेल्ट याच कंपनीच्या निल्स बोहलिन या इंजिनीअरने १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. २०२० पासून कंपनीने आपल्या नव्या गाड्यांचा कमाल वेगच ताशी १८० वर बांधून टाकला. एक्ससी ९० मध्ये आणखी एक फंडा आहे. गाडी रस्ता सोडून खड्ड्यात आदळली, तर मणक्याला बसणारा दणका शोषून घेणारी रचना थेट सीटच्या सांगाड्यातच केलेली आहे. आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडा बघता हे फीचर आपल्यासाठीच बनवलं असावं असं वाटतं!

ऑडीची बाजूही कमजोर नाही. क्वाट्रो फोर-व्हील-ड्राइव्हमुळे ओल्या रस्त्यावर तिची पकड सॉलिड. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे भारतात विकली जाणारी क्यू ७ जोडली जाते ती संभाजीनगरच्याच शेंद्रा औद्योगिक वसाहतीत. जाताना आम्ही तिच्या माहेरीच चाललो होतो म्हणा ना!

आता दोन गोष्टी ब्रोशरवाला सांगत नाही. एक, ही मार्कशीट २०१५ च्या नियमांची आहे, त्यानंतर पेपर अवघड झालाय. दोन, युरोपातल्या गाडीत जे जे असतं ते सगळं भारतातल्या प्रत्येक व्हेरिएण्टमध्ये असेलच असं नाही. त्यामुळे तारे बघून न थांबता समोर उभ्या असलेल्या गाडीत नेमकं काय बसवलंय ते एकेक करून तपासायचं.

आमणे ते इगतपुरी, व्होल्वोत

सकाळी सहाला निघालो. मित्र स्टिअरिंगवर, दादा त्याच्या शेजारी, मागे मी, वहिनी आणि आत्या. चिमुरडी तिच्या चाइल्ड सीटमध्ये, तिसऱ्या रांगेत वहिनीच्या मागे.

आमणेला समृद्धीवर चढलो आणि सगळ्यांचं बोलणंच थांबलं. सहा पदरी काँक्रीट, दोन्ही बाजूंना कुंपण, मधे मोकळी हवा. शहापूरच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि रस्ता उंचच उंच पुलांवरून जायला लागतो. याच भागात, सरलांबे गावाजवळ, पुलाचं काम चालू असताना १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. आपण १०० च्या स्पीडने गाणी ऐकत जातो, तेव्हा ही माणसं आठवायला हवीत.

मग कसाऱ्याचा बोगदा. सुमारे पावणेआठ किलोमीटर! पूर्वी कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगत जाण्यात अर्धा तास सहज जायचा, आता चिमुरडीचं एक बडबडगीत चार वेळा म्हणून होईपर्यंत आपण इगतपुरीला. आत आग लागली तर पाण्याचे फवारे आपोआप सुरू करणारी यंत्रणा बसवलेली आहे. बाहेर पडलो तर समोर धुकं आणि कळसूबाईच्या बाजूची रांग. अशक्य सुंदर.

या सगळ्यात गाडी मात्र सारखी कुरकुरत होती. पीप, पीप, पीप. समोरच्या स्क्रीनवर मागच्या एका सीटचं चिन्ह लाल. आत्याने पट्टा लावला नव्हता.

‘आत्या, पट्टा लाव ना.’

‘अगं, पोटावर दाबतो तो मेला. आणि मागे बसणाऱ्याला कशाला हवा? मागे काय होणारे?’

दोन मिनिटांनी पीप-पीप थांबली. मी वळून बघते तर काय, आत्याने पट्टा पाठीमागून नेऊन क्लिपमध्ये अडकवलेला आणि स्वतः त्याच्यावर निवांत बसलेली! स्क्रीनवर हिरवी खूण. सेफ्टी असिस्टमध्ये १०० टक्के मिळवलेल्या गाडीला एका मराठी आत्याने दोन मिनिटांत गुंडाळलं.

सरळ रस्त्याचा धोका

इगतपुरीनंतर भरवीर, सिन्नर, शिर्डी. मग वैजापूरच्या दिशेने रस्ता सपाट आणि सरळसोट होतो. दोन्हीकडे कांद्याची, मक्याची, कपाशीची शेतं, मधूनच शेततळं. पहिली दहा मिनिटं मजा वाटते. मग डोळे उघडे असतात पण मेंदू झोपतो. यालाच ‘हायवे हिप्नॉसिस’ म्हणतात. वळण नाही, गिअर नाही, ब्रेक नाही, मग मेंदूला कामच राहत नाही. आणि गाडी जितकी महाग तितकी ती शांत. व्होल्वो काय नि ऑडी काय, १२० चा वेग आत ८० सारखा वाटतो. छोट्या गाडीत वारा, टायर आणि इंजिन मिळून ओरडतात, ‘बस कर!’ इथे तो आरडाओरडा बाहेरच राहतो. आरामाचे पैसे मोजताना ही भीतीही आपण विकून टाकलेली असते.

वैजापूरजवळच १५ ऑक्टोबर २०२३ ला रात्री एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली आणि १२ प्रवासी गेले. त्याआधी १ जुलै २०२३ ला पुढे सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसने पेट घेतला आणि २५ जण गेले. रस्ता उत्तम असला तरी चूक माफ करायला तोही बांधील नाही.

इथे थोडं गणित. कंटाळू नका, सोपं आहे. युरो एनकॅपच्या ज्या समोरासमोरच्या धडकेत या गाड्या पास झाल्या, तिचा वेग होता ताशी ६४ किलोमीटर. आपण जातो १२० ने. म्हणजे वेग दुप्पटही नाही, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १२० ला ती ६४ च्या साडेतीन पट होते. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर ६४ ला आदळणं म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून पडणं आणि १२० ला आदळणं म्हणजे अठराव्या. पाच तारे मिळाले ते पाचव्या मजल्याच्या परीक्षेत. अठराव्या मजल्याचा पेपर कोणत्याच गाडीने दिलेला नाही.

देवगिरीचा धडा

संभाजीनगरला दुपारच्या जेवणाला पोहोचलो. संध्याकाळी गुलमंडीत इमरती, रात्री नान-खलिया. पुण्या-मुंबईच्या ‘मुघलाई’ हॉटेलांनी इथे येऊन शिकावं. आणि हे शहर गाड्यांचं भलतंच शौकीन! २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीजची ऑर्डर दिली होती, ते आठवतंय ना?

रविवारी सकाळी देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो. सेफ्टी रेटिंग असतं तर या किल्ल्याला पाचात सहा तारे मिळाले असते. डोंगराच्या कडा सरळ तासून काढलेल्या, भोवती खडकात खोदलेला खंदक, आत शिरलाच कोणी तर त्याला चकवणारी अंधारी नावाची भुयारी वाट. दादा भिंतींवरून हात फिरवत म्हणाला, ‘याला म्हणतात बिल्ड क्वालिटी!’

पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामदेवराय यादवाला शरण जावं लागलं. असं सांगतात, की गडावर धान्याची म्हणून घाईघाईने चढवलेली पोती वेढा पडल्यावर उघडली तर त्यांत मीठ निघालं. भिंती होत्या तशाच उभ्या होत्या. घोळ आतल्या तयारीत होता.

मला आत्याचा पट्टा आठवला. म्हटलं, आपल्याही पोत्यात मीठच आहे.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी नामांकित जर्मन बनावटीची, महागडी एसयूव्ही. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघं गेले आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसणाऱ्याला कशाला हवा, या आत्याच्या प्रश्नाचं याहून दुःखद उत्तर दुसरं नाही.

आणि हे एखाद्याच गाडीचं नाही. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे जवळपास निम्मे नुसते बसलेले होते, गाडी चालवतही नव्हते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये २००२ पासून विकल्या गेलेल्या एकाही एक्ससी ९० मध्ये धडकेत आतला माणूस दगावल्याची नोंद नाही, असं २०१८ मध्ये तिथल्या थॅचम रिसर्चने सांगितलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. पण २१ डिसेंबर २०२४ ला बंगळुरूजवळ नेलमंगला इथे एक कंटेनर ट्रक दुभाजक ओलांडून नेमक्या एक्ससी ९० वरच उलटला आणि आतले सहाही जण गेले. तिथे ना बेल्टचा दोष, ना गाडीचा. एवढा बोजा वरून पडला तर कोणतीच कार टिकणार नाही. ब्रिटनचा रेकॉर्ड जितका गाडीचा आहे, तितकाच तिथल्या रस्त्यांचा आणि शिस्तीचाही. गाडी आयात होते, रस्ता होत नाही.

परतीचा प्रवास, ऑडीत

रविवारी दुपारी वहिनीच्या भावाच्या क्यू ७ मध्ये बसलो. त्याचं सोमवारी मुंबईत काम होतं, तोच चालवत होता. मित्र त्याच्या व्होल्वोतून मागे. ऑडीची ऐट काही औरच. दार बंद झालं की बाहेरचं जग म्यूट. मागची सीट प्रशस्त, तिसऱ्या रांगेत जाणं-येणं व्होल्वोइतपतच. ‘ताई, ही आमच्या गावची गाडी आहे. सर्व्हिसिंगला कुठे लांब जावं लागत नाही,’ भाऊ कौतुकाने सांगत होता. मुद्दा बिनतोड होता. वेळेवर सर्व्हिसिंग झालेले ब्रेक हेही सेफ्टी फीचरच की!

निघताना वहिनीने आत्याशी वाद घातलाच नाही. तिने फक्त पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून काढून मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर नेला, खांद्याचा भाग मानेपासून दूर केला आणि विचारलं, ‘आता दाबतो का हो आई?’ आत्या म्हणाली, ‘अगं, हे आधी का नाही सांगितलंस?’ वर्षभराचा तंटा वीस सेकंदांत मिटला. बहुतेकांना पट्टा टोचतो कारण तो पोटावर घेतलेला असतो. तिथे तो अपघातात पोटातल्या अवयवांनाही इजा करू शकतो. हाड मजबूत असतं, भार त्याने घ्यायचा.

शिर्डी सोडून थोडं पुढे आलो होतो. ऊन कललेलं, गाणी मंद, निम्मी गाडी पेंगलेली. पुढच्या ट्रकने इंडिकेटर न देता अचानक आमच्या लेनमध्ये अंग टाकलं. भावाने कचकन ब्रेक दाबला. गाडी रेषाही न सोडता जागच्या जागी खाली बसल्यासारखी मंदावली, पट्टे छातीवर आवळले आणि आमच्या सगळ्यांच्या माना तेवढ्या पुढे गेल्या. कोणाला काही झालं नाही. पण मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली दोन सीट्सच्या मधून सुसाट पुढे गेली आणि डॅशबोर्डवर आपटून फुटली.

कोणीच काही बोललं नाही. बाटली एक लिटरची होती. आत्या साठ किलोची आहे.

थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, ‘पोरीची सीट नीट घट्ट आहे ना बघ गं.’

मग घ्यायची कुठली?

निव्वळ सुरक्षिततेवर मत द्यायचं तर माझं मत व्होल्वोला. धडक टाळण्याची अक्कल तिच्यात जास्त आहे आणि सेकंडहॅण्ड बाजारात त्या अकलेचे वेगळे पैसे फारसे मोजावे लागत नाहीत. पण दादाने शेवटी क्यू ७ घेतली. संभाजीनगरला हक्काचा सर्व्हिस सेंटर, सासुरवाडीचा ओळखीचा मेकॅनिक आणि मिळालेल्या गाडीची चोख सर्व्हिस हिस्ट्री या तीन गोष्टींवर. मी वाद घातला नाही. ९७ आणि ९४ मधला फरक तीन टक्क्यांचा आहे. मागचा पट्टा लावणं आणि न लावणं यातला फरक आपण त्या बाटलीत पाहिला. तो टक्क्यांत मोजायचा नसतो.

आता दर पंधरा दिवसांनी त्यांची गाडी निघते. दादा ११० च्या वर जात नाही, शिर्डीला चहाला थांबतोच, आणि निघण्याआधी ‘सगळ्यांचे पट्टे?’ ही हाक द्यायचं काम आत्याने स्वतःकडे घेतलंय.

समृद्धीवर निघण्याआधी

टायर : हवा थंड टायरमध्येच तपासा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. सेकंडहॅण्ड गाडी घेताना चकचकीत बॉडीआधी हे आकडे बघा.

पट्टा : मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचा आहे, नाही लावला तर १,००० रुपये दंड. एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे, पर्याय नाही.

लहान मुलं : मांडीवर अजिबात नाही. वजन-उंचीप्रमाणे चाइल्ड सीट, शक्यतो आयसोफिक्सला अडकवलेली. चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवणं सगळ्यांत सुरक्षित, असं व्होल्वोही सांगते.

सामान : बाटल्या, लॅपटॉप, छत्र्या डिकीत किंवा दाराच्या कप्प्यात. सीटवर काहीही मोकळं नको.

विश्रांती : दर दोन तासांनी थांबा, पण शोल्डरवर नाही, अधिकृत थांब्यावरच. झोप आली तर गाणं मोठं करून उपयोग नाही. वीस मिनिटं झोपा.

टेस्ट ड्राइव्ह : एकट्याने घेऊ नका. आई, आत्या, मुलं, सगळ्यांना बसवा. मागच्या सीटचा पट्टा त्यांना स्वतः लावता येतो का, ते बघा. जमत नसेल तर पाचही तारे शोरूममध्येच ठेवून या.